सतरा नंबरची फुंकर

ही गोष्ट परवापर्यंत माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नव्हती. आज जशी अख्खी सांगतो आहे तशी तर बाहेरच्या कुणालाच नाही. झोपेत बरळलो असेन, तर घरचीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल. तुम्ही मला ओळखत असाल — आणि धामणगाव बढ्याच्या पंचक्रोशीत मला न ओळखणारा म्हणजे एक तर बहिरा किंवा काल जन्मलेला — तर शालिक इतकी वर्षं एका गोष्टीवर गप्प बसला, हे तुम्हाला खरंच वाटणार नाही. मलाही वाटत नाही.

कारण मी गप्प बसणारा माणूस नाही. एका उन्हाळ्यात मलकापूरच्या रस्त्याचं डांबर इतकं पातळ झालं की एसटी पोहत पोहत बोराखेडीला लागली, हे मीच सांगितलंय. आमच्या विहिरीतल्या एका बेडकाचा आवाज इतका मोठा की त्याच्यामुळं दोन सोयरिकी मोडल्या, हेही मीच. लोक हसतात, मी पान लावतो, पुढची थाप सुरू. थाप मारण्यात कुणाचं काय जातं? — असं मी म्हणायचो. शपथेवर म्हणायचो.

पण ही गोष्ट थापेची नाही. एका शब्दाच्या खोट्याची आहे. त्या शब्दापर्यंत येतो. जरा दमानं येऊ द्या.

गजूपासून सुरुवात करावी लागेल. गजू, माझा लहान भाऊ. तीन वर्षांनी लहान, आणि बाकी सगळ्या बाबतीत मोठा. त्याच्या छातीत देवानं काय भरलं होतं कोण जाणे! पोरपणी विहिरीत सूर मारायचो, मी खाली गेलो की डोळे फुटायची वेळ आल्यावर वर. गजू खाली गेला की काठावरच्या बायका आधी हसायच्या, मग गप्प व्हायच्या, मग रडायला लागायच्या, आणि त्यातल्या दोघीतिघी कंटाळून घरी निघाल्या की हा वर यायचा. हे थोडं वाढवून सांगितलं. पण बायका रडायच्या, हे खरं.

पुढं रोहिणखेडच्या उस्मानचाचांच्या बँडपार्टीत तो ट्रंपेट वाजवायला लागला. लग्नसराईत त्याला दोन-दोन जिल्ह्यांतून बोलावणं. गजूनं वरातीत सूर धरला की तो सुटेपर्यंत नवरदेव मारुतीपासून मांडवापर्यंत पोचलेला असायचा. चाचा म्हणायचे, "ये लडका सांस नहीं लेता, हवा पे मेहरबानी करता है." माझ्या स्वतःच्या लग्नात तोच वाजवत होता. आणि माझ्या बायकोनं संसारातला पहिला प्रश्न मला विचारला तो हा — "तो बाजावाला कोन हाय?"

विचारा तिला. नको, विचारू नका.

आमची माय दारातल्या बायांना सांगायची, "गजूनं बापाची छाती घेतली. शालिकनं बापाचं नाक तेवढं घेतलं." बाया हसायच्या. मीही हसायचो, सगळ्यात मोठ्यानं. बापाची छाती म्हणजे पिपासारखी होती, हे गाव सांगतं. त्याच छातीनं तो कापसाच्या जुन्या जिनिंगात राबला आणि पन्नाशी गाठायच्या आत खोकून खोकून गेला, हे मात्र मायच्या त्या वाक्यात कधी आलं नाही. कुणाच्याच डोक्यात आलं नाही. छाती म्हणजे ताकद, आणि ताकद कुणाला मिळाली? — गजूला.

तुम्ही कधी कुणाच्या श्वासाचा हेवा केलाय? जमिनीचा करतात लोक, बैलजोडीचा करतात, दुसऱ्याच्या पोराच्या नोकरीचा करतात. मी माझ्या भावाच्या श्वासाचा केला. तो शेजारी बसून नुसता श्वास घ्यायचा — काही करत नव्हता बिचारा, फक्त जगत होता — आणि माझ्या पोटात कुणीतरी कापसाची वाळकी पऱ्हाटी पेटवल्यागत व्हायचं.

आम्ही दोघंही जिनिंगात कामाला होतो. मोताळ्याकडून येताना डाव्या हाताला होतं ते जिनिंग. नाव सांगत नाही. कापूस यायचा, रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रावर, चढायचा, सरकी एकीकडं, रुई एकीकडं, आणि मधे जे उडायचं ते आमच्या नाकातोंडात. दिवाळीनंतर सुरू झालं की होळीपर्यंत आम्ही सगळे पांढरे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळायची, दुसऱ्या दिवशी सैल व्हायची. त्याला आम्ही "सुट्टी बाधली" म्हणायचो. आमच्या अडाणीपणाचं मला आज हसू येत नाही.

तिथं नावानं कुणी हाक मारत नसे. शेगाव जवळ, त्यामुळं गजानन इतके की एका हाकेला अर्धं जिनिंग वळून पाहणार. म्हणून प्रत्येकाला पितळेचा बिल्ला. माझा सतरा नंबर, गजूचा अठरा. मुकादम बिल्ला पाहायचा, तोंड पाहायचा नाही. आणि त्या धुळीत पाहिलं असतं तरी दिसलं काय असतं? जिनिंगचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम एकच. त्यामुळं गजूला वाजवायला जायचं असलं की आम्ही पाळ्या बदलायचो. त्यानं सकाळची माझी पाळी सतरा लावून करायची आणि वरातीला जायचं. मी दुपारची त्याची पाळी अठरा लावून करायची. आम्हीच नाही, सगळेच भाऊ-भाऊ, साडू-साडू हे करायचे. त्यात कुणाला चोरी वाटत नसे. रीतच होती.

एका हंगामात नागपूरकडून एक डॉक्टरबाई आल्या. जिनिंगमधल्या माणसांची छाती तपासायची, एका यंत्रात फुंकर मारायची, आणि थोडं रक्त द्यायचं. त्या म्हणाल्या, एकाच धुळीत काम करणाऱ्यातला एक आजारी पडतो आणि दुसऱ्याला काही होत नाही, असं का, ते शोधायचंय. रजिस्टरमधल्या नावांचा घोळ पाहून मालकानंच सांगितलं, बिल्ल्याच्या नंबरावर लिहा. झालं.

आदल्या दिवशी गजू वरवट बकालला एका लग्नात होता. म्हणजे त्याच्या खिशात माझा सतरा, माझ्या खिशात त्याचा अठरा. सकाळी रांगेत भेटलो. त्यानं बिल्ला पुढं केला, "दादा, घे तुहा." मागून लोक ढकलत होते, पुढं बाईंचं टेबल दिसत होतं, त्या टेबलावर ते फुंकायचं यंत्र. आणि मला एकदम काय सुचलं — सुचलं असंही म्हणवत नाही, ते आतूनच वर आलं — की आज गजू फुंकेल, आणि ती फुंकर सतरा नंबरापुढं लिहिली जाईल. माझ्या नंबरापुढं. डॉक्टरच्या हातानं. एकदा. आयुष्यात एकदा.

मी त्याचा हात मागं सारला. म्हटलं, "राहू दे बे. रक्त काय बिल्ल्यातून काढतेत? चाल, सरक पुढं."

"मंग बाईले सांगजो, नंबर उलटे हायेत म्हून."

"सांगतो."

गजू फुंकला. यंत्राची सुई शेवटच्या रेघेला जाऊन धडकली. बाईंनी यंत्र हलवून पाहिलं, बोटानं टिचकी मारली, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी आपल्या सोबतच्या माणसाला बोलावून दाखवलं. अख्खी रांग टाळ्या वाजवत होती. बाई हसून म्हणाल्या, "सतरा नंबर, तुम्ही वादळ आहात!" आणि आकडा लिहिला. तो आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, अजून पाठ आहे.

मग मी अठरा नंबर लावून फुंकलो. सुई अर्ध्याच्या जरा पुढं गेली आणि बसली. धड चांगली नाही, धड वाईट नाही. माझ्यासारखीच. रक्त दिलं. टेबल सोडताना बाईंनी विचारलं, "काही सांगायचंय?" मी म्हटलं, "एवढं रक्त नेता, मागं थोडी रुई तरी भरून द्या." त्या हसल्या. मीही.

एवढंच असतं तर? तर ही एक फालतू थाप होती. एका मत्सरी माणसानं कागदावर दुसऱ्याचा दम चोरला — सांगून हसण्यासारखी गोष्ट. पण रक्त नागपूरला गेलं, आणि तिथून आणखी कुठं कुठं गेलं, आणि पुढच्या हंगामात बाई परत आल्या.

ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. तुम्ही शेतकरी असाल तर मी काय सांगू? बाहेरून बोंड हिरवंगार, टपोरं. उकललं की आत किडकी कवडी. आमच्या चार एकरांत मी बोंडं फोडत गेलो आणि हसत गेलो, म्हटलं, अळ्यांनी आमच्याच शेतात जिल्हा परिषद काढली. गजू हसला नाही. त्यानं त्या वर्षी जिनिंगात जास्तीच्या पाळ्या धरल्या.

बाईंनी आम्हाला रुईच्या ढिगाशेजारी बसवलं आणि समजावलं. शरीराच्या प्रत्येक कणात आईबापाकडून आलेली सगळी पोथी असते, म्हणाल्या. पण फुप्फुस त्यातली आपली पानं वाचतं, काळीज आपली. धुळीशी लढणाऱ्या राखणदारांचं एक पान आहे. ते पान सगळ्यांकडं असतं. पण त्याच्या शेजारी एक बारीक खूण असते, तीही वारशानं येते. ती सांगते, हे पान मोठ्यानं वाचायचं की हळू. कुणाच्या फुप्फुसात ते ठणठणीत वाचलं जातं, राखणदार भरपूर. कुणाच्यात कुजबुजल्यासारखं. दुसरीकडं ज्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं, त्यांनी आपल्या फुप्फुसाचा तुकडा आणि रक्त दोन्ही तपासायला दिलं होतं. त्यावरून कुठल्या खुणेनं आवाज किती बसतो ते कळलं, आणि तीच खूण बाई आमच्या रक्तात शोधत होत्या.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहत होते. रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवरचे हमीदभाई मिस्त्री मात्र मान हलवत म्हणाले, "मतलब बाई, हमारे कपास जैसा. बीटी बियात होतं, पानात बोललं, पन बोंडात त्याची बोलती बंद. अन् अळी अंदर."

बाई म्हणाल्या, "मी याहून चांगलं सांगू शकले नसते."

मग त्यांनी एकेकाला ऑफिसात बोलावलं. सतरा नंबर म्हटल्यावर मी उठलो.

बाईंच्या तोंडावर हसू नव्हतं. म्हणाल्या, तुमची फुंकर तर अजून मला आठवते. पण तुमच्या रक्तात ती खूण आहे, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. तुमच्या फुप्फुसात राखणदार कमी. हे काही भविष्य नाही. धूळ नसेल तर कदाचित जन्मात काही होणार नाही. पण ही धूळ आणि हे रक्त एकत्र नको. आज छाती मोठी आहे म्हणून फसू नका — आत पोखरलं जाईल आणि बाहेरून कळणार नाही. रेच्यापासून लांब व्हा. मुलांनाही लांब ठेवा, हे त्यांच्याकडंही गेलेलं असू शकतं. वडील कशानं गेले?

खोकून, मी म्हटलं, आणि विचारलं, माझ्या भावाचं, अठरा नंबरचं काय? त्याच्यात ती खूण नाही, बाई म्हणाल्या.

हे सगळं गजूचं होतं. मला तिथं बसल्या बसल्या कळलं. एका क्षणात कळलं. मी मूर्ख नाही. आणि आता जे सांगतोय ते सांगणं सोपं नाही — पहिल्यांदा मला काय वाटलं, ते सांगू? भीती नाही. दया नाही. आनंद झाला. लहानसा, गरम, किळसवाणा आनंद. गजूच्या छातीत कीड होती! माय, पाहा तुझ्या गजूची छाती! चाळीस वर्षं जिचा मी हेवा केला ती नासकी निघाली, आणि माझी — अर्ध्या सुईची, टाळ्या न मिळालेली — ती शाबूत.

बाईंना वाटलं मी हादरलो. त्यांनी मला पाणी दिलं.

बाहेर गजू उभा होता. अंगावर पांढरी धूळ, डोळे तेवढे काळे. "काय म्हनली बाई?"

मी म्हटलं, "छाती नाजूक हाय म्हने माही. धूळ चालत नाई."

त्याचं तोंड उतरलं. मग त्यानं विचारलं — शंका म्हणून नाही, पोरं पाटी दप्तरात ठेवली ना असं विचारतात तसं — "दादा, तवा नंबर उलटे झाले होते. तू सांगतलं होतं न बाईले?"

मी म्हटलं, "हाव."

हाच तो शब्द. आयुष्यभर मी एवढ्या थापा मारल्या, की रचल्या तर बुलढाण्याचा घाट बुजेल. त्यातल्या एकीनंही कुणाला खरचटलं नाही. आणि हा एक शब्द —

थांबा. अजून संपलं नाही. इथं संपलं असतं, तर मी स्वतःला समजावलं असतं की क्षणभराची चूक होती. नव्हती.

मालकाला बाईंच्या लिहिण्याची धास्ती. त्यानं मला रेच्यावरून काढून वजनकाट्यावर बसवलं. खुर्ची, डोक्यावर पंखा, हातात पेन. ती जागा खरं तर गजूला मिळायची होती. तो दहावी पास, अक्षर मोत्यासारखं. मी नववीत दोनदा बसलेला. पण छाती माझी नाजूक ना? गाडीवाले मला काटेबाबू म्हणायला लागले. आणि नाजूक छातीचा माणूस खोकला नाही तर लोक काय म्हणतील? म्हणून मी खोकायला शिकलो. मालकासमोर वेगळा, गाडीवाल्यांसमोर वेगळा, बायकोसमोर अर्धवट दाबलेला — तो सगळ्यात अवघड. या कलेचं बक्षीस असतं तर मी दिल्लीपर्यंत गेलो असतो. मी खोकलो की गजू लांबून धावत यायचा. माझी पाठ चोळायचा. स्वतः धुळीनं माखलेला, आणि म्हणायचा, "दादा, तू इकडं येत नको जाऊ. मी करून राह्यलो न."

आणि तो करत होताच. घरात कापूस भरला की खोलीतला कापूस तुडवायला तो; मला दारात उभं राहू देत नसे. गुरांचा कोठा झाडायला तो. माझ्या पोरांना जिनिंगच्या फाटकापाशी पाहिलं तर त्यांच्यावर ओरडायचा, "चला भायेर! तुमच्या रक्तात हाय ते!" माझी दोन्ही पोरं आज धुळीपासून लांब आहेत, ती गजूमुळं. माझ्या वाट्याची धूळही त्यानं खाल्ली. कुणी सांगितलं होतं त्याला? मी. एका शब्दानं.

आणखी दोन हंगाम गेले. बाई फेरतपासणीला आल्या. आता ऐका, कारण मी इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतोय ते हे आहे.

आता बिल्ले सरळ होते. सतरा माझ्याकडं, अठरा गजूकडं. मी फुंकलो, सुई अर्ध्याच्या जरा पुढं — माझी नेहमीची. पण कागदावर सतराची जुनी फुंकर गजूची होती, वादळाची! बाईंचा चेहरा पडला. "बघा, दोन-तीन वर्षांत किती खाली आली. वेळेवर बाहेर काढलं तुम्हाला." मग गजू फुंकला. आणि त्याची सुई — गजूची सुई — अर्ध्याच्या जरा पुढं जाऊन बसली. माझ्यासारखी. कागदावर अठराची जुनी फुंकर माझी होती. तितकीच. बाई म्हणाल्या, "अठरा नंबर, जसंच्या तसं. छान."

गजू उठला नाही. त्यानं चाचपडत विचारलं, "बाई, पन मले तं दम लागून राह्यला. बाजा वाजवनं होत नाई आता."

बाईंनी पुन्हा कागद पाहिला. म्हणाल्या, "आकडा तर काही हललेला नाही. वय होतंय, भाऊ. काळजी करू नका."

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. दोन हात! मधे फक्त हमीदभाईंची रिकामी खुर्ची. मला फक्त एवढं म्हणायचं होतं — बाई, ती फुंकर याची होती. एका वाक्याचं काम. माझी खुर्ची गेली असती, पंखा गेला असता, लोक हसले असते. बस. मी काय केलं माहीत आहे? मी खोकलो. मोठ्यानं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, गजूनं माझ्याकडं पाहिलं, आणि तो स्वतःचं विसरून माझी पाठ चोळायला उठला.

तेव्हा तो रुपयातले आठ आणे तरी वाचला असता. मला वाटतं. मला माहीत नाही. बाई म्हणाल्या होत्या, वेळेवर बाहेर काढलं.

त्यानंतर तो आणखी तीन हंगाम रेच्यावर राहिला. आधी जिने सुटले, मग शेत सुटलं, मग उभं राहणं. ट्रंपेट उस्मानचाचांचा नातू घेऊन गेला; नेताना गजूनं ते फडक्यानं पुसून दिलं आणि पोराला म्हणाला, तोंडानं नाही, पोटातून फुंक. आता तो पलंगावर असतो. बोलताना दोन शब्दांमधे इतका वेळ जातो की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो. आलेल्या-गेलेल्याला तो अजूनही सांगतो, "माह्यं... काई नाई. दादाची... छाती नाजूक... त्याले जपा."

परवा त्याची पोरगी मंदा माझ्याकडं आली. बारावी झाली, दोन वर्षं घरात बाप सांभाळते. हसत हसत मूठ उघडली. आत बिल्ला. अठरा नंबर. मुकादमानं बापाचाच दिला होता. "मोठेबाबा, सोमवारपासून चालली मी. सरकीकडं हाय काम."

मी म्हटलं, "जाऊ नको."

"काऊन?"

मी तोंड उघडलं. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण जन्मात पहिल्यांदा मला एकही थाप सुचली नाही. मी शोधली. खरं सांगतो, शोधली — मुकादम बरा नाही, पोरीच्या जातीला चालत नाही, काहीतरी. नाही सुचली. म्हणून मी तिला सांगितलं. सतराचं रक्त तुझ्या बापाचं होतं. धुळीत तू जायचं नाहीस ते त्यासाठी. कसं झालं तेही सांगितलं.

तिनं बिल्ल्यावर मूठ मिटली. मग म्हणाली, "बाबाले मालूम हाय?"

"नाई."

"मी सांगनार नाई. तुमी सांगा."

आज सकाळी गेलो. रोज जातो; रोज सकाळी गजूला मीच चहा पाजतो. त्याला बशीतला चहा फुंकून निववता येत नाही, म्हणून मी फुंकून देतो. आज बशी हातात घेतली, फुंकली, आणि बशी त्याच्या ओठाला लावायच्या आधी बोललो. सगळं. रांग, बिल्ला, बाई, हाव, खोकला. जो पहिला आनंद झाला होता, तोसुद्धा. मंदा दारात उभी होती.

गजू छताकडं बघत ऐकत होता. मला वाटलं, आता शिव्या देईल. दम असता तर दिल्या असत्या की नाही, मला माहीत नाही. मग त्यानं विचारलं, "त्या दिवशी... माही फुंकर... किती... लिहिली होती?"

इतकी वर्षं त्याला तो आकडा माहीतच नव्हता. माझ्या नंबरापुढं होता ना.

मी आकडा सांगितला. जेवढा होता तेवढाच.

त्यानं डोळे मिटले. ओठ हलले, आकडा पुन्हा मनात म्हणाला असावा. मग मान भिंतीकडं वळवली आणि म्हणाला, "मंदे... चाय... तू दे."

मंदानं माझ्या हातातली बशी घेतली. चहा मोरीत ओतला, दुसरा गाळला आणि त्याच्या उशाशी बसून फुंकर घालायला लागली.

मी घरी आलो. येताना आमच्या ओट्याच्या अकरा पायऱ्या लागतात. चढलो. दम लागला नाही.